दहा पावलं उत्तरेला

तिचं खरं नाव खात्याच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळीकडे ती दहापावली. किराणा दुकानदारसुद्धा नोकराला सांगायचा, दहापावलीबाईंची पिशवी बाजूला ठेव. हे नाव कोणीतरी चिडवायला म्हणून पाडलं होतं, पण तिने ते असं काही मिरवलं की चिडवणाऱ्यांचाच हिरमोड झाला.

सरकारची कुरण राखीव योजना आहे, तिच्यात ती मोजणीदार होती. सव्वीस वर्षं. काम ऐकायला सोपं. नदीकाठच्या कुरणात टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात; ती घरटी शोधायची, मोजायची, राखायची. तपासणीच्या दिवशी सहा जिवंत घरटी दिसली, तर गवत कापायला पाच आठवडे बंदी. तेवढ्यात पिल्लं उडून जातात. पाचच दिसली, तर कुरण यादीतून बाहेर, आणि त्याच दिवशी कापणीचं मशीन आत. पाच आणि सहात असा काय मोठा फरक, असं ज्याला वाटतं त्याने पाच घरट्यांचं कुरण कापलं जाताना एकदा काठावर उभं राहावं. ती राहिली होती, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी. त्या दिवशी घरी येऊन तिने दोन वेळा आंघोळ केली होती.

दहा पावलांची गोष्ट तिच्याच डोक्यातून निघालेली. टिटवीचं घरटं म्हणजे जमिनीतला वाटीएवढा खळगा आणि त्यात मातीच्याच रंगाची चार अंडी. मोजणीदारच ती तुडवायचे. म्हणून तिने काठी काढली. लाल टोकाची, कमरेएवढी, घरट्यापासून बरोबर दहा पावलांवर. आणि तीही उत्तरेलाच, कारण मग काठीची सावली अंड्यांवर पडत नाही. खात्याला ही युक्ती इतकी आवडली, की ती पुस्तिकेत छापली गेली, पान चौदा, खाली तिच्या नावासकट. प्रशस्तिपत्रकही मिळालं. ते बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर टांगलेलं होतं आणि आल्यागेल्याला दाखवायचं काम नवऱ्याने आपणहून घेतलं होतं. तो बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक. काठ्या तोच तासायचा, टोकं तोच रंगवायचा, आणि वर ऐकवायचा, "पेपरात तुझं नाव येईल, पण नखं माझी लाल."

यंदा पंधरा घरटी होती. इतकी कधीच नव्हती. पहिल्या फेरीत चार रिकामी निघाली. सहा दिवसांनी दुसऱ्या फेरीत आणखी पाच. राहिली सहा, आणि तपासणीला उरला एक दिवस.

पहिल्या फेरीनंतरच तिचा पारा चढला होता. तिचा राग नाकावरच असायचा, आणि तो कोणावर काढायचा हे ठरवायला तिला फार वेळ लागत नसे. या वेळी तो मशीनवाल्याच्या कुत्र्यावर निघाला. मशीनवाला म्हणजे कापणीचं लाल धूड घेऊन कुरणाच्या कडेला थांबलेला पन्नाशीचा माणूस. चार माणसांदेखत तिने त्याला सुनावलं, की तुमचा कुत्रा अंडी खातो आणि तुम्ही मुद्दाम मोकळा सोडता, म्हणजे कुरण लवकर सुटेल. माणसाने कुत्र्याला मशीनच्या चाकाला बांधून टाकलं. तेव्हापासून तो बिचारा तिथेच लोळत होता.

तपासणीच्या आदल्या दुपारी ती कुंपणाशी दुर्बीण घेऊन उभी होती, तेव्हा मशीनवालाच तिच्याजवळ आला. "काकू, एक विचारू का? कुत्रा सहा दिवस बांधलाय. तरी पाच घरटी गेली ना?"

"गेली."

"मग खातंय कोण?"

तिने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. ती नुसती बघत राहिली. आणि बघता बघता एक कावळा आला, कुरणातल्या एका काठीच्या लाल टोकावर बसला, मान तिरकी करून इकडेतिकडे पाहिलं, आणि खाली उतरून गवतातून चालत निघाला. दक्षिणेकडे. घाईबिई काही नाही; सवयीच्या रस्त्याने घरी जावं तसा. नशीब एवढंच, की त्या काठीचं घरटं आधीच्याच फेरीत संपलेलं होतं.

पण सव्वीस वर्षं मोजणी केलेली बाई, एका कावळ्यावर विश्वास ठेवणारी नव्हती. तिने पिशवीतून एक कोरी काठी घेतली, कुंपणाबाहेरच्या मुरमाड पडीक जमिनीवर गेली, जिथे टिटवी सोडाच, गवताचं पातंही नव्हतं, आणि तिथे ती काठी ठोकून लांब जाऊन बसली.

वीस मिनिटं गेली. दोन कावळे आले. एक टोकावर बसला, दुसरा थेट खाली. खालचा दक्षिणेला चालू लागला आणि साधारण दहा पावलांवर जाऊन थांबला. चोचीने खडे उलटेपालटे केले. मिळालं काहीच नाही. तरी तो हलेना, तिथेच फिरत राहिला, कारण त्याच्या अनुभवाप्रमाणे तिथे चार अंडी असायलाच हवी होती.

नऊ घरटी, छत्तीस अंडी. मुंगूस नाही, कुत्रा नाही, वारापाऊस नाही. तिनेच पाट मांडून, दिशा दाखवून कावळ्यांना जेवायला बोलावलं होतं. ती जर थोडी अजागळ असती, पावलं कधी आठ कधी बारा टाकणारी असती, तर कावळ्यांना कदाचित हे जमलंही नसतं. तिच्या नेटकेपणाचाच त्यांनी धडा गिरवला होता.

आता काठ्या ठेवाव्यात, तर सकाळपर्यंत सहातलं एखादं तरी जाणार. उपटाव्यात, तर पुस्तिकेप्रमाणे काठीशिवाय घरटं सहजासहजी धरलं जात नाही, आणि उद्या बारा वाजता मशीन आत. पुस्तिका तिचीच. तिला हसूही आलं आणि रडूही, आणि त्या दोन्हींना वेळ नव्हता.

तिने काठ्या उपटल्या. सगळ्या, एकूण एक. उपटण्यापूर्वी प्रत्येक घरट्याची खूण वहीत टिपली, जुन्या मोजणीदारांच्या पद्धतीने: दोन लांबच्या वस्तू इकडून एका रेषेत, दोन तिकडून, आणि दोन रेषा छेदतात तिथे घरटं. पहिलं: वाकडा खांब आणि टाकीचा जिना, पुलाचा कठडा आणि तुटकं फाटक. अशी सहा. शेवटचं टिपताना सूर्य उतरला होता, आणि समोर जे दिसलं ते तिने लिहून टाकलं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने आपल्या लाल नखांकडे पाहिलं. मग म्हणाला, "उद्या त्या तपासणीवाल्या बाईला कावळ्यांचं सांगणार आहेस?"

"काठ्या का नाहीत ते सांगावंच लागेल."

"वारा आला, पडल्या, असंही सांगता येतं." तो हे हळूच म्हणाला, तिच्याकडे न बघता. "पुढच्या वर्षी तू निवृत्त होतेस. पान चौदावर नाव आहे तुझं."

तिने ताट सरकवलं आणि उठली. राग नवऱ्याचा नव्हता. त्याने जे म्हटलं ते तिच्या मनात दुपारपासून चारदा येऊन गेलं होतं, म्हणून राग होता.

दुसऱ्या दिवशी दहाला तपासणीवाली बाई आली. मुख्य कार्यालयातली, पस्तिशीची, गुडघ्यापर्यंत बूट, हातात टॅब. फाटकातून तिने कुरणावर एक नजर फिरवली आणि विचारलं, "ताई, काठ्या कुठे आहेत?"

"काढल्या मी."

"का?"

दहापावलीने तोंड उघडलं. वारा आला, पडल्या. किती सोपं होतं. "आधी घरटी बघा, मॅडम," ती म्हणाली. "मग सगळं सांगते. सहा आहेत. एकेक तुमच्या डोळ्यांनी दाखवते."

"काठीशिवाय धरता येत नाही."

"नजरेने बघितलेलं धरता येतं. पान पंधरा. तेही मीच लिहिलंय."

बाईने टॅबवर पान काढून वाचलं. "अंडी किंवा पिल्लू समोर दिसलं पाहिजे. आणि बाराला मला निघायचंय. बारापर्यंत सहा झाली नाहीत, तर कुरण सुटलं असं लिहावं लागेल." तिच्या बोलण्यात दुष्टावा काही नव्हता. तिला अशी अकरा कुरणं बघायची होती.

दोघी आत शिरल्या. पोटरीएवढं गवत, आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी दहापावली हाताने गवत बाजूला करून जमीन बघायची. वर टिटव्यांनी आकाश डोक्यावर घेतलं. पहिलं घरटं: खांब आणि जिना, कठडा आणि फाटक. चार अंडी, टोकं आत. बाईने फोटो घेतला. दुसरं मिळालं. तिसऱ्याला वेळ लागला. त्याच्या खुणेतला कलंडलेला फलक कोणीतरी दोरी बांधून सरळ केला होता. चौथं, पाचवं. साडेअकरा वाजले. दहापावलीच्या पाठीवरून घाम निथळत होता.

सहाव्याची खूण तिने वहीत वाचली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

एक रेष ठीक होती, पूल आणि पाण्याची टाकी. दुसरी रेष: वाकडा खांब आणि मशीनचा मागचा दिवा. काल संध्याकाळी, घाईत, समोर दिसलं ते लिहिलेलं. आणि मशीन आज तिथे नव्हतं. सकाळीच मशीनवाल्याने ते फाटकाशी आणून लावलं होतं, बारा वाजले की आत घालायला सोपं म्हणून. खूण म्हणून हलणारी वस्तू धरायची नाही, हे ती नव्या मोजणीदारांना पहिल्या दिवशी शिकवायची. मिस्कील चेहऱ्याने शिकवायची, की कोणी म्हशीची खूण धरली होती म्हणे.

"काय झालं?" बाईने विचारलं.

"इथेच उभ्या राहा. पाय हलवू नका."

ती आल्या वाटेने, आपल्याच पावलांत पावलं ठेवत, फाटकाशी गेली. मशीनवाला चाकाला टेकून बसला होता, पायाशी बांधलेला कुत्रा. अकरा चाळीस.

"मशीन काल होतं तिथे नेऊन उभं करता का?" ती म्हणाली. "अगदी तिथेच. वीतभरही इकडेतिकडे नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ते मशीन जिथे आहे तिथे राहिलं, तर वीस मिनिटांत त्याचं काम सुरू होणार होतं. आभाळ भरत होतं, गवत वाळायला त्याला चार कोरडे दिवस हवे होते. आणि समोर उभी होती ती बाई, जिने त्याला चार माणसांत चोर ठरवलं होतं.

"कुत्र्याने खाल्ली नव्हती अंडी," ती म्हणाली. "माझ्या काठ्यांमुळे गेली. कावळे काठ्या बघून येत होते. माझं चुकलं. तुम्हाला बोलले ते चुकलं."

"माझं सोडा," तो उठत म्हणाला. "कुत्र्याची माफी कुत्र्याकडेच मागा, काकू." आणि त्याने कुत्रा चाकापासून सोडवून दोरी तिच्या हातात दिली, आणि मशीनवर चढला.

चाकांचे कालचे खळगे ओल्या मातीत तसेच होते. त्याने मशीन मागे घेत घेत चारही चाकं खळग्यांत बसवली, उतरून वाकून तपासली, आणि हात वर केला. तिने कुत्रा फाटकाला बांधला आणि जमेल तितक्या वेगाने परत गेली. खांब, दिवा. पूल, टाकी. डावीकडे तीन पावलं, पुढे एक. तिने गवत बाजूला केलं.

खळगा होता. रिकामा.

अकरा एक्कावन्न. बाईने वाकून पाहिलं, आणि खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाली, "ताई, पाच झाली."

दहापावलीने गुडघे टेकले. बोटं खळग्यात घातली. तळाशी काड्यांचं अस्तर होतं. ते तिने चिमटीने उचललं आणि तळहातावर झटकलं. कवचाचा भुगा पडला, मोहरीच्या दाण्यांएवढा, कोरडा.

"हे बघा," ती कुजबुजली. "कावळा खातो तेव्हा मोठे तुकडे राहतात, बलक सांडतो. असा चुरा फक्त पिल्लू आतून फोडतं तेव्हा पडतो. रात्रीतून बाहेर आलीत. इथेच आहेत."

"कुठे?"

"गवतात. आई ओरडतेय तोवर दगडासारखी पडून राहतात. मॅडम, आता जागचं हलायचं नाही. पाय उचलला तर कुठे पडेल ते सांगता येत नाही."

दोघी पुतळ्यासारख्या थांबल्या. वर टिटवी कर्कश ओरडत घिरट्या घालत होती. अकरा चौपन्न. बाईचा एक पाय अर्धवट टाच उचललेला होता, तो तिने तसाच ठेवला, आणि पोटरी थरथरू लागली तरी खाली टेकवला नाही. त्या एका गोष्टीसाठी दहापावलीला ती एकदम आवडून गेली. अकरा सत्तावन्न. फाटकापाशी कुत्रा एकदा भुंकला, तिथे परतलेल्या मशीनवाल्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग टिटवी लांब जाऊन उतरली. ओरडणं थांबलं. कुरणात इतकी शांतता झाली, की टॅबवर मिनिट बदलल्याचंही ऐकू येईलसं वाटलं.

उचललेल्या टाचेखालीच गवत हललं. अक्रोडाएवढा एक ठिपकेदार गोळा दोन काड्यांच्या पायांवर उभा राहिला, पडला, पुन्हा उठला आणि बुटाला वळसा घालून निघाला. मागून दुसरा.

बाईने टॅब तसाच खाली करून फोटो काढला. "सहा," ती म्हणाली. पिल्लं दूर गेल्यावर तिने टाच टेकवली, आणि तेव्हाच दोघींनी श्वास सोडला. दहापावली रडत होती, आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही.

फाटकाशी येऊन बाईने फॉर्म भरला. बंदी, पाच आठवडे. मशीनवाल्याने आभाळाकडे पाहिलं, मान हलवली आणि किल्ली खिशात टाकली.

"एक रकाना राहिलाय," बाई म्हणाली. "नष्ट घरटी नऊ. कारण? अज्ञात लिहू? बरेच जण तेच लिहितात."

तिने 'हो' म्हटलं असतं तर कोणाला कळलं नसतं. कुरण वाचलं होतं. प्रशस्तिपत्रक टीव्हीच्या वर टांगलेलंच राहिलं असतं.

"काठ्या लिहा," दहापावली म्हणाली, आणि मुरमाड जमिनीवरच्या त्या दोन कावळ्यांपासून सगळं सांगितलं.

बाईची बोटं टॅबवर थांबली. "ताई, ही पद्धत तुमच्या नावावर आहे. अकराच्या अकरा कुरणांवर हीच चालते."

"म्हणूनच लिहा."

बाईने लिहिलं, आणि गाडी पुढच्या कुरणाकडे निघाली. पण गाडीला पोचायला तास लागणार होता, आणि कावळ्यांना गाडी लागत नाही. दहापावलीने तिथेच उभ्याउभ्या फोन लावला. पुढच्या कुरणावरची मोजणीदार तिच्याच हाताखाली तयार झालेली, तिची सगळ्यांत व्यवस्थित विद्यार्थिनी.

"बाई, तुम्ही?" पलीकडून आनंदाने आवाज आला. "आमची एकदम तयारी आहे तपासणीची. तेवीस काठ्या, सगळ्या सरळ. परवाच नवीन रंग दिला."

"घरटी किती आहेत?"

"तेवीस ना."

"काठ्या नाही विचारल्या मी. घरटी शेवटची कधी बघितलीस?"

"पाच दिवस झाले. पुढची फेरी उद्या आहे, तुम्हीच शिकवलंय ना, सारखं जाऊन पक्ष्यांना त्रास द्यायचा नाही." मुलीचा आवाज जरा बारीक झाला. "का हो?"

"सगळ्यांत जवळच्या काठीपाशी जा. फोन चालू ठेव. घरट्यात काय आहे ते सांग."

गवतातून चालल्याचा आवाज येऊ लागला. काठीपाशी तो क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला, नेटका, एकसारख्या अंतराचा, तिने शिकवला होता अगदी तसा. दहापावली मोजत गेली, कारण मोजल्याशिवाय तिला राहवतच नसे. सात. आठ. नऊ. दहाव्या पावलाला आवाज थांबला. "बाई," मुलगी म्हणाली, "खळगा रिकामा आहे."